सदतिसाव्या आठवड्याचा गिअरबॉक्स

एतेलला गाडी चालवायला शिकवलं ते तिच्या नवऱ्याने, एल्मरने. पण गाडी कशी चालवू नये हे शिकवलं तिच्या थोरल्या बहिणीने, गिझेलाने. आणि ते शिकवणं सोळा वर्षं चाललं.

"सुरू केलीस की लगेच निघायचं नाही. आधी आतलं ऑइल जरा गरम होऊ दे."

"मागे घेतलीस ना? मग पुरती उभी राहू दे. चाकं फिरत असताना दांडा ओढलास तर आतल्या प्लेटांचा जीव जातो."

"उतारावर आधी हँडब्रेक, मग दांडा पार्कवर. सगळा भार त्या बिचाऱ्या गिअरबॉक्सवर टाकू नकोस."

आणि सर्वांत मोठा नियम तिसऱ्या गिअरचा. गाडी ऑटोमॅटिक, गिअर आपले आपण बदलणार. पण साधारण पस्तीस मैलांच्या वेगाला तिसरा पडायची वेळ आली की एतेलने पाय केसभर उचलायचा, गिअर पडू द्यायचा, आणि मग पुन्हा दाबायचा. शेजारी बसलेली गिझेला बरोबर त्या क्षणी म्हणायची, "उचल."

"अगं, ही गाडी आहे की बिशपची बग्गी?" एतेल म्हणायची. पण पाय उचलायची.

टोलेडोत, नदीच्या पूर्वेला, आमच्या हंगेरियन वस्तीत गाड्या सगळेच जपायचे. ज्यांचं उभं आयुष्य गाड्यांचे भाग बनवण्यात गेलं ते जपणार नाहीत तर कोण! पण एतेलच्या त्या निळ्या गाडीचा गिअरबॉक्स गिझेलाने तळहातावरच्या फोडासारखा जपला, तसं मी तरी दुसरं उदाहरण पाहिलं नाही. वर्षातून दोनदा, ईस्टरच्या आधी आणि शरदात द्राक्षांचा सण झाल्यावर, ती गाडी वर चढवायचे लोखंडी रॅम्प आणि पसरट भांडं घेऊन बहिणीच्या दारात हजर. साठी उलटलेली बाई गाडीखाली आडवी व्हायची. ऑइल काढायची ते अर्धंच. जुन्या गिअरबॉक्सला सगळं नवं ऑइल एकदम पाजलं तर तो दगावतो, असं कारखान्यातली जुनी माणसं म्हणत, आणि गिझेलाचा त्यावर देवावर असावा तसा विश्वास. मग डिपस्टिकवरचा एक थेंब कॉफी गाळायच्या पांढऱ्या कागदावर टाकायची, दोन बोटांत चोळून हुंगायची. थेंब गुलाबी पसरला की चेहरा सैल. कडेला तपकिरी कड आली की पुढचे आठ दिवस एतेलची उलटतपासणी.

"कुठे घाई केलीस? खरं सांग."

"नाही गं केली."

"मग ही कड काय आकाशातून पडली?"

आणि एल्मर पायरीवर बिअरचा कॅन घेऊन बसलेला असायचाच. "आमची गिअरखाऊ आहे ती," तो एतेलकडे बोट दाखवून म्हणायचा. "नाश्त्याला दोन गिअर लागतात तिला." चर्चच्या सभागृहातही तो हे म्हणायचा, खाटकाच्या दुकानातही. लोक हसायचे, एतेलही हसायची. गिझेला हसत नसे, पण त्याला गप्पही करत नसे.

तिने गप्प का केलं नाही, हे समजायला कारखान्यात जावं लागेल.

त्या कारखान्याची आठवण निघाली की अजूनही आमच्यातल्या म्हाताऱ्यांचा आवाज मऊ होतो. गिअरबॉक्स तिथे जन्माला यायचे. तिसऱ्या गिअरचा क्लच जोडायच्या लांब बाकावर नऊ बायका बसायच्या, कारण ते काम बारीक बोटांचं. एक कडी पोलादाची, एक कागदासारख्या अस्तराची, पुन्हा पोलादाची, पुन्हा अस्तराची, अशी चळत लावायची आणि ती एका गोल डब्यात बसवायची. भाग वाळवायच्या भट्टीवर कोबीच्या पानांतल्या खिम्याचे डबे गरम व्हायला ठेवलेले असत, आणि दुपारी सगळ्या बाकावर ऑइलचा आणि पापरिकाचा असा एकत्र वास सुटे. हात कितीही धुतले तरी चर्चमध्ये प्रसाद घेताना पाद्र्याला कळायचं कोण कुठल्या बाकावर बसते ते. गिझेला बोद्नार त्या बाकावर सगळ्यांत जुनी. तिने लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, गिझेलाचे हात सोन्याचे. ते ऐकायला तिला फार आवडायचं. तेवढंच तर होतं तिच्याजवळ.

त्या कामाचा एकच कडक नियम होता. अस्तराच्या कड्या बसवण्याआधी वीस मिनिटं ऑइलमध्ये भिजायला हव्यात. कोरडी कडी बसवली तर गाडीच्या पहिल्याच फेऱ्यांत ती करपते, काचेसारखी गुळगुळीत होते, आणि मग जन्मभर घट्ट म्हणून धरत नाही.

सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये नव्या मॉडेलसाठी कारखाना बंद ठेवला होता. नवी यंत्रं वेळेवर आली नाहीत. उघडला तेव्हा काम तीन आठवडे मागे पडलेलं. मुकादम हॅरॉल्ड ट्रास्क बाकापाशी आला आणि म्हणाला, "भिजवणं बंद. बुडवा आणि बसवा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी गिझेलाकडे. तिने नाही म्हटलं असतं तर आठही जणींनी हात खाली ठेवले असते. हे तिला तेव्हाही माहीत होतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, एक कडी उचलली, ऑइलमध्ये बुडवली, निथळली आणि बसवली. डब्यावर विजेच्या पेन्सिलीने आपला नंबर कोरला, २१४, नेहमीसारखा. असे पाच आठवडे गेले. वर्षाचा तेहतिसावा ते सदतिसावा. मग यंत्रं सुरळीत झाली, भिजवणं पुन्हा सुरू झालं, आणि त्याबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

कामगारांच्या नातेवाइकांना सवलतीत गाडी मिळायची. त्या वर्षीची आपली चिठ्ठी गिझेलाने एतेलला दिली. वाढदिवसाची भेट म्हणून. नोव्हेंबरात निळी गाडी दारात आली. अर्धी गल्ली बघायला जमली. कोणी आरशावर जपमाळ अडकवली. गिझेला म्हणाली, "थांबा, आमचं काम कसं दिसतं ते तरी बघू," आणि चांगला कोट घालून गाडीखाली सरकली.

"बघा बघा," एल्मर ओरडला, "ही बाळाला बघायला आली तर आधी लंगोट उघडून बघेल!"

गिअरबॉक्सच्या अंगावर एक छोटी पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर तो कुठल्या आठवड्यात जोडला ते ठोकलेलं असतं. गिझेलाने बोटाने धूळ पुसली. सदतीस.

ती बाहेर आली, कोट झटकला आणि म्हणाली, "छान आहे गाडी."

तेव्हा सांगितलं असतं तर? गॅरंटी होती, गिअरबॉक्स बदलून मिळाला असता. पण त्यासाठी तो उघडला असता, डब्यावरचा नंबर वाचला असता, आणि मग एकट्या त्या डब्यावर प्रकरण थांबलं नसतं. ट्रास्कने हात वर केले असते. एल्मरचं तोंड म्हणजे उघडी खिडकी, रविवारपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं असतं की सोन्याच्या हातांनी काय केलं. गिझेलाने स्वतःला समजावलं, मी जपेन हिला. आणि तिने जपली. पण चोराच्या मनात चांदणं असतं. गाडी जरा जरी हिसकली तरी तिला वाटायचं, आता एतेल विचारणार, असं का होतं गं? त्याआधीच ती म्हणून टाकायची, "तुझा पाय जड आहे."

हे इतक्या वेळा म्हटलं की एतेललाही ते खरं वाटू लागलं. ती शहराबाहेर जाईनाशी झाली. हमरस्ता नको, चढ नकोत. दुसऱ्या कोणाची गाडी तर ती हातातच घेईना. "माझा पाय जड आहे," ती आपणहून सांगायची, एखादीने आपल्याला ऐकू कमी येतं असं सांगावं तसं.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत एतेलच्या मुलीला, रोझलिनला, पिट्सबर्गमध्ये दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला की आई, लगेच ये. एल्मरचा पाय प्लास्टरमध्ये. एतेलने कारखान्यात फोन लावला. दुसऱ्या पाळीत फोन यायचा तो ट्रास्कच्या टेबलावर.

"गिझेला, मी गाडी घेऊन जाऊ का? चार तासांचा रस्ता आहे. पण पेनसिल्व्हेनियातले ते चढ… तू सांग. झेपेल का तिला?"

गिझेलाच्या डोळ्यांपुढे बर्फातला चढ आला, आणि मधेच धरायचं सोडून दिलेली ती कड्यांची चळत. ट्रास्क समोर उभा राहून मनगटावरचं घड्याळ दाखवत होता.

"तुझ्या पायाने नाही झेपणार," ती म्हणाली. "सकाळच्या बसने जा."

एतेल सकाळच्या बसने गेली. क्लीव्हलंडला बस बदलताना दोन तास गेले. ती इस्पितळात पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि बाळ अकरालाच गेलं होतं. रोझलिनने तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "गाडी होती ना दारात?" त्यानंतर नाताळला पत्र यायचं, आत छापलेल्या मजकुराखाली नुसती सही.

एल्मर नव्व्याण्णव साली गेला, शेवटपर्यंत बायकोला गिअरखाऊ म्हणत. कारखान्याने गिझेलाला निवृत्तीला घड्याळ दिलं. गाडी चालतच राहिली.

ती थांबली २००३च्या ऑक्टोबरात. द्राक्षांच्या सणाचं जेवण आटोपून दोघी चर्चमधून निघाल्या होत्या. दुपारचं ऊन होतं. गिझेला म्हणाली, "उचल," एतेलने पाय उचलला, आणि तिसरा गिअर पडलाच नाही. इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी रांगत रांगत कडेला लागली.

"मी काय केलं?" एतेल म्हणाली. तिचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. "गिझेला, मी आता काय केलं?"

"काही नाही," गिझेला म्हणाली. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

फ्रंट स्ट्रीटवर ओरेन गॅलोवेचं गॅरेज होतं. तो फक्त गिअरबॉक्स उघडायचा, दुसऱ्या कामाला हात लावत नसे. आठवड्याने त्याने बोलावलं. गिझेला म्हणाली, "तू कशाला येतेस, मी बघून येते."

"माझी गाडी आहे," एतेल म्हणाली आणि बहिणीच्या गाडीत जाऊन बसली.

गॅलोवेने सगळे भाग टेबलावर वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "ही कोण चालवायचं?"

एतेल पुढे झाली. "मी. मला माहीत आहे, माझा पाय जड आहे. बहीण सारखी सांगायची."

"जड?" गॅलोवे हसला. "कोणी सांगितलं तुम्हाला? हे बघा, बाई. एक लाख अकरा हजार मैल, आणि या प्लेटांवरचं छापलेलं अक्षरसुद्धा पुसलेलं नाही. ही दुसरी चळत, तीही तशीच. चाळीस वर्षं मी हे उघडतोय. इतक्या हलक्या पायाचं माणूस मला भेटलेलं नाही. माझ्या बायकोला तुमच्याकडे शिकवणीला पाठवतो."

एतेल हसली नाही. "मग मोडला कशाने?"

"ही तिसऱ्या गिअरची." त्याने एक काळी, चकाकणारी कडी उचलली. "ही तुम्ही नाही करपवली. ही जन्मतःच करपलेली. कोणीतरी कोरडी बसवली. खरं तर पहिल्या दोन वर्षांतच जायची, तुम्ही सोळा वर्षं ओढलीत. ज्याने बसवली त्याला उलटं टांगायला हवं. नंबरसुद्धा आहे बघा, शहाण्याचा." त्याने डबा उजेडात धरला. "दोनशे चौदा."

गिझेलाचा तो नंबर एकतीस वर्षं तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर होता. तोच बिल्ला लावून ती एतेलच्या घरी जेवायला यायची.

एतेलने डब्याकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं नाही.

"शहाणा नाही," ती गॅलोवेला म्हणाली. "शहाणी. ही काय, तुमच्या शेजारी उभी आहे."

गॅलोवेने चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर नेला, आणि आत कुठेतरी फोन वाजतोय असं पुटपुटत निघून गेला. फोन वाजत नव्हता.

दोघी बाहेर येऊन गिझेलाच्या गाडीत बसल्या. किल्ली गिझेलाच्या हातातच राहिली.

"कधी कळलं तुला?" एतेलने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. खाली गेले होते ना, तेव्हा."

"चांगला कोट घालून."

"हो."

"एल्मरने मला बारा वर्षं लोकांसमोर गिअरखाऊ म्हटलं."

"मी त्याला कधी सांगितलं नाही की तू—"

"तूच सांगितलंस. त्याला काय कळत होतं गाडीतलं? त्याला पेट्रोल कुठून भरतात ते कळायचं."

"एतेल, मी जपली गं ती गाडी. दर सहा महिन्यांनी—"

"गाडी जपलीस." एतेलचा आवाज चढला नाही, आणि तेच गिझेलाला सोसेना. "मला सांगायचंस, कडी खराब आहे, हळू चालव. तरी मी पाय उचललाच असता. तेवढाच उचलला असता. पण तू मला सांगितलंस, मी खराब आहे."

एक ट्रक धडधडत गेला.

"आणि तो फोन?"

"चढावर बंद पडली असती. फेब्रुवारीत, बर्फात, एकटी तू…"

"मग तुझी द्यायचीस. कारखान्याच्या दारात उभी होती तुझी गाडी. दहा मिनिटांत मी आले असते."

गिझेलाने आपली गाडी दिली असती तर एतेलने विचारलं असतं, तुझी चालते आणि माझी का नाही? एवढीच गोष्ट होती. एका प्रश्नाची भीती.

"ट्रास्क समोर उभा होता," ती म्हणाली.

"बारा वर्षं उभाच होता का?"

गिझेला रडू लागली. एतेलने पर्समधून रुमाल काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "रोझलिनला तू सांगायचंस. मी सांगितलं तर तिला वाटेल आई आता सबबी शोधतेय. आज सांग."

गिझेलाने त्याच संध्याकाळी फोन केला. उभ्या उभ्या, जे घडलं ते सगळं, कारखान्यापासून. शेवटी रोझलिन म्हणाली, "आई घरी आहे का आत्ता?"

"असेल. बाळा, मला तुला हेही सांगायचं होतं की—"

"मग फोन ठेव, मावशी. मला आईला लावायचाय."

गॅलोवेने गिअरबॉक्स नव्याने बांधून दिला. नोव्हेंबरात, टर्कीच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी, गिझेला आपल्या पायऱ्या झाडत होती. निळी गाडी कोपऱ्यावरून वळली. मागच्या सीटवर बॅग, आणि ओव्हनमधलं काहीतरी टॉवेलमध्ये बांधलेलं. एतेलने एक हात वर केला, कुठल्याही शेजाऱ्याला करावा तसा. गाडी गिझेलाच्या दारावरून पुढे गेली आणि रस्ता मोकळा मिळताच वेगात आली. गिझेलाचे कान आपोआप टवकारले. पहिला. दुसरा. एतेलने पाय अजिबात उचलला नाही, उलट दाबला. तिसरा लोण्यातून सुरी जावी तसा पडला. गाडी पुलाच्या दिशेने दिसेनाशी झाली. झाडू हातात धरून गिझेला तिथेच उभी राहिली. काम उत्तम झालं होतं. तिला हेवा वाटला.

एतेल नऊ दिवसांनी पिट्सबर्गहून परतली. तिकडे काय झालं, काय बोलणं झालं, हे तिने गिझेलाला सांगितलं नाही. गिझेलानेही विचारलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी गिझेला रॅम्प आणि भांडं घेऊन गेली. जायचं की नाही यावर तिने आठवडाभर घोळ घातला होता. एतेल घरातला झगा घालून दारात आली.

"अगं, कशाला त्रास घेतलास? गॅलोवेने केलं परवा."

"अर्धंच काढलं ना?"

"सगळं काढलं."

"सगळं? एकदम?"

"नवा आहे आता तो, गिझेला." एतेलने तिच्या हातातल्या लोखंडाकडे पाहिलं. "किती जड आहे ते. ठेव तिथे पायरीवर, आणि ये आत. कॉफी घे."

आत स्वयंपाकघरात खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळी अर्धी कापून ठेवली होती. फ्रिजच्या दारावर रोझलिनचा फोटो, नवा, बाजूला एतेल, दोघींच्या अंगावर जाड कोट. गिझेला नेहमीच्या खुर्चीवर बसली, खिडकीपाशी. ओट्याजवळच्या आकड्यांवर रोजचे मग टांगलेले होते. त्यांतला कडा उडालेला हिरवा मग तीस वर्षं तिचा होता.

एतेलने त्या मगांना हात लावला नाही. ती पुढच्या खोलीत गेली. काचेचं कपाट उघडल्याचा आवाज आला. परतली तेव्हा तिच्या हातात सोनेरी कडेची कपबशी होती. पाद्री घराला आशीर्वाद द्यायला आला, किंवा विम्याचा माणूस आला, की त्या घरात ती कपबशी निघत असे. तिने ती फडक्याने नीट पुसली, गिझेलासमोर ठेवली आणि कॉफी ओतली.

"साखर किती घेतेस?" तिने विचारलं.